हाताचा वाटा

त्याने माझ्यासमोर गिटार पुसली.

ओला टिश्यू घेतला, लिंबाच्या वासाचा. आधी गिटारीची मान पुसली, मग एकेक तार. जिथे जिथे माझी बोटं लागली होती तिथे तिथे. मग गिटार नाकाशी नेली, हुंगली आणि म्हणाला, "अजून येतोय. सुकट!"

खोलीतले सगळे हसले. माझ्याशेजारी कोरसमध्ये उभी राहणारी मुलगीसुद्धा.

वेदांग त्याचं नाव. हापूसच्या पेट्यांवर ज्यांचं आडनाव छापलेलं असतं, अशा घरातला. कॉलेजच्या बँडची प्रॅक्टिस त्याच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालायची. ॲम्प त्याचा, ड्रम त्याचे, एसी त्याचा. म्हणून बँडही त्याचाच. त्या दिवशी तो खाली चहाला गेला होता. मी त्याची गिटार घेतली आणि दोन ओळी वाजवल्या. चोरून नाही, ड्रमवाल्याला विचारून. एवढाच माझा गुन्हा.

मी मिरकरवाड्याची. आम्ही खारवी. बाबा बोटीवर जातात, आई कोळंबी सोलते, कॉलेज सुटलं की मीही सोलते. हाताला वास येतो. का नाही येणार? त्यांच्याकडे आंब्याची अढी पिकली की अख्ख्या आळीत वास सुटतो. त्याला दरवळ म्हणतात.

माझी स्वतःची गिटार होती. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने कुठल्याशा बंदरातून आणलेली, इलेक्ट्रिक. तिला ॲम्प वेगळा लागतो हे मामाला ठाऊक नव्हतं आणि मलाही. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती कुजबूज. मी तिचं टोक लाकडी कपाटाला टेकवायचे, मग कपाट थोडं घुमायचं. मी शिकले ती अशी, कपाटाच्या भरवशावर.

आंतरकॉलेज स्पर्धा तोंडावर आली. आमच्या गाण्यात मध्येच गिटारचा सोलो होता, मुंबईच्या कुणा वादकाकडून बसवून, रेकॉर्ड करून आणलेला. महाअवघड. आधी तार ओढून सूर चढवत न्यायचा, तिथे धरून ठेवायचा आणि मग असं धावत सुटायचं की बोटांना दम खायला जागा नाही. वेदांगला तो जमेना. स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा त्याने मला कॉलेजच्या जिन्यात गाठलं.

"तो सोलो तू बसव. स्पर्धेत विंगेत बसून वाजव. मी समोर गिटार घेऊन उभा राहतो. हातांकडे कोण बघतंय?"

दोन पायऱ्या उतरून तो पुन्हा वळला.

"गिटार माझीच घे त्या दिवशी. फक्त आधी हात धू. साबणाने."

मी हो म्हटलं. भुकेला कोंडा म्हणतात, तसं. मोठ्या ॲम्पमधून, माझ्या बोटांनी वाजलेला तो सोलो मला एकदा तरी ऐकायचा होता.

मग सुरू झालं. फोनवर गाणं अर्ध्या वेगाने लावायचं. चार सूर बसवायचे, पुन्हा तेच चार. कोळंबीचा काटा बोटात गेलेला असायचा. तार ओढली की नेमकी तीच जखम उघडायची आणि मिठाच्या पाण्यात हात घातला की ब्रह्मांड आठवायचं. जमलं नाही की मला ते हसू ऐकू यायचं. मग मी दात-ओठ खाऊन वेग वाढवायचे. रागावर माणूस पुष्कळ शिकतो.

त्यात एक घोळ घातला. खाऱ्या वाऱ्याने तारांना गंज चढला होता. आमच्याकडे कशाला गंज चढला की तेल लावतात. विळी असो, कोयती असो, दाराची कडी असो. मी तारांना खोबरेल चोळलं. तारा मेल्याच. कपाटाला टेकवूनही नुसतं थप थप. नव्या आणायला सवड नव्हती. मग सगळ्या तारा काढल्या, वेटोळी करून टोपात टाकल्या आणि तेल सुटेपर्यंत उकळल्या. आईने कामावरून येऊन झाकण उचललं.

"काय गो, आज तारांचं कालवन काय?"

त्या आठवड्यात मी हसले ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट लागली. धक्क्यावर वाटे पडत होते. बाबांच्या बोटीवर अजून जुनी रीत आहे. बोटीचा वाटा मालकाला. जाळ्याचा वाटा, जाळं ज्याचं त्याला. आणि जाळं ओढणाऱ्या हातांचे वाटे वेगळे. मालक कितीही मोठा असो, जाळ्याला हात लावला नाही तर हाताचा वाटा त्याला नाही. बाबांचा वाटा टोपलीत भरता भरता मी आईला विंगेचं सांगितलं. ती थांबली.

"गिटार कोनाची?"

"त्याची."

"मंग गिटारीचा वाटा घेऊ दे त्याला. हाताचा कशाला देतंस?"

एवढंच बोलून ती मासे भरायला लागली. मी टोपली घेऊन घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. इतकी साधी गोष्ट. धक्क्यावरच्या शेंबड्या पोराला कळते. मला जिन्यात कळली नाही, कारण जिन्यात मी माझ्या हाताला वास येतोय का, तेच बघत होते.

स्पर्धेच्या सकाळी मी वेदांगला सांगितलं, "समोर उभी राहून वाजवीन. विंगेत नाही."

तो हसला. "तू? स्टेजवर? आरशात बघितलंयस कधी? गप बस विंगेत."

आमच्या बँडची पाळी आली तेव्हा मी विंगेत जाऊन बसले. पडद्याच्या दोरांशेजारी खुर्ची ठेवली होती. वायर मुद्दाम आखूड. तो समोर उजेडात, गळ्यात दुसरी गिटार, कशालाच न जोडलेली.

सोलो आला. वेदांग पुढे झाला. मान मागे टाकली, डोळे मिटले.

मी उठले. पहिली तार ओढली ती चालता चालता. सूर चढला आणि सगळ्या हॉलमध्ये भरला. माझ्याच अंगावर काटा आला. वायर ताणली गेली तिथे थांबले. अर्धी पडद्यात, अर्धी उजेडात. हात उजेडात होते. मग बोटं धावली. मध्ये एक सूर घसरला. घसरू दे, तोही माझाच होता.

वेदांगची बोटं मुक्या तारांवर नाचत होती. डोळे मिटलेले, त्याला कुठे काय कळतंय! मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसला. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. या वेळी माझ्यावर नव्हतं. गोड लागलं मला, खोटं कशाला बोलू?

विंगेत त्याने माझ्या हातातून गिटार हिसकावली. "लायकी दाखवलीस," म्हणाला. आणि खिशातून टिश्यू काढला.

तो मी त्याच्या हातातून घेतला. माझे हात पुसले. एकेक बोट, सावकाश, त्याने तारा पुसल्या होत्या तसं. मग टिश्यू त्याच्या तळहातावर ठेवला.

"तुझी गिटार तुला. हात माझे."

त्याची आई आली. माझ्यासमोरच, बँड घेऊन आलेल्या आमच्या कॉलेजच्या सरांना म्हणाली, "म्हणून असल्यांना घरात घेऊ नये." सर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. फसवणूक केली म्हणून बँड स्पर्धेतून बाद झाला. बँडमधून मी बाद झाले. विंगेतून वाजवायची कल्पना कुणाची होती हे सगळ्यांना माहीत होतं. तोंड कुणी उघडलं नाही.

माफी कुणी मागितली नाही. मीही वाट बघत नाही.

गिटार पुन्हा कपाटाला टेकवली आहे. ॲम्प मिळेल तेव्हा मिळेल. तोवर कपाट आहे. उद्या वेदांग येईल किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणी येईल. गोड बोलेल, मोठा ॲम्प दाखवेल, विंगेत खुर्ची टाकेल. त्या खुर्चीवर मी बसणार नाही. हातांना कोळंबीचा वास असेल आणि ते हात उजेडात असतील. ज्याला सोसवत नाही त्याने उठून जावं. हाताचा वाटा मी सोडणार नाही.