धोंडूच्या खाचरातला भात

आम्ही हिर्डोशी सोडलं तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, निरोपाला आले नाहीत. ते उतारावर दगड रचत होते. माझ्या नवऱ्यानं खालून हाक मारली, "आबा, निगालो." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. धाकटी जाऊ चंद्रा तेवढी वाटेपर्यंत आली. मोकळ्या कपाळाची. माझ्या पोरीच्या हातात नाचणीची भाकरी ठेवून ती परतली. भोरपर्यंत पायी, पुढं मोटार, मग आगगाडी, मग परळची खोली.

जे राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्यांना हे सांगते आहे. आमची जमीन एका दिवसात गेली नाही. लाकडी कोळशासाठी डोंगरमाथ्यावरचं रान तोडलं, तसा दर पावसाळ्यात ओढा तांबडा वाहू लागला. ती आमची माती होती. मागं उरला मुरूम. नाचणीसुद्धा वीतभर वाढून करपायची. मग मामंजींनी उतारावर आडव्या ताली घालायला घेतल्या. दगडावर दगड रचायचा, पाणी अडवायचं, गाळ बसू द्यायचा. आम्ही सगळे त्यात खपलो. अखेर सगळ्यांत खालच्या तालीमागं भाताचं एक बारकं खाचर झालं. भात पोसवला तेव्हा मामंजी बांधावरून जेवायलाही उठेनात.

पुढच्या आषाढात वरची ताल फुटली. भर दुपारी. तिचे दगड खालच्या तालीवर आले, तिचे तिच्याखालच्या तालीवर. धोंडू, माझा धाकटा दीर, खाचराचं पाणी मोकळं करायला गेला होता. चिखलातून त्याला काढेपर्यंत सांज झाली.

"ह्या मातीनं माजा भाऊ खाल्ला," नवरा म्हणाला. "आता हितं ऱ्हायचं न्हाई."

"मातीनं न्हाई, बोडक्या डोंगरानं," मामंजी म्हणाले. "पानी वरनं येतं, आन् आमी खालनं आडवीत बसलो."

मुंबईत नवरा गिरणीत लागला. मी नळावर नंबर लावायला शिकले, पुढं लढाईत रेशनच्या दुकानापुढं. गावचं माणूस आलं की मी विचारायची; नवरा उठून गॅलरीत जायचा. कळायचं ते एवढंच, की मामंजी आणि चंद्रा माथ्यावर आडवे चर खणतायत. तिथं शेळ्या चारू नका म्हणून मामंजी वरच्या वाडीतल्या धनगरांच्या पाया पडले. मग एकदा कळलं, मामंजी गेले. नवरा दिवसकार्यालाही गेला नाही.

त्या कार्तिकात मी एकटीच गेले. माथ्यावर गवत धरलं होतं, करवंदीच्या जाळ्या उठल्या होत्या. ओढ्याचं पाणी नितळ. खाली खाचरामागं खाचर, भात नुकताच कापलेला. सगळ्यांत खालच्या बांधावर माझा पाय अडला.

"हितंच ना गं भावजी गेले?"

"व्हय," चंद्रा म्हणाली. "न पेरता मोकळं ठिवलं आस्तं तर पान्यानं परत फाडलं आस्तं, आक्का. मंग तेंला कुटं शोदायचं?"

निघताना तिनं त्याच खाचराचा तांदूळ फडक्यात बांधून दिला.

खोलीत तो शिजला, तेव्हा वासानंच नवऱ्यानं वर पाहिलं. "कुटला?" मी सांगितलं. तो ताटावरून उठला आणि हात धुऊन गॅलरीत उभा राहिला. पोरगी मात्र दुसऱ्यांदा वाढ म्हणाली. ती हिर्डोशी विसरली आहे.

त्याचं ताट मी पुढं ओढलं आणि जेवले. घर म्हणजे आता माझ्यापाशी एवढंच उरलंय: त्याच्या घशाखाली न उतरणारा भात, आणि मला टाकून न देववणारा.