भिंतीवरची स्लाइड

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक. पण त्या दिवशी गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

माझं काम स्लाइड रंगवायचं. पेशंटच्या गाठीचा पातळ पापुद्रा काचेवर असतो, त्याला जांभळा-गुलाबी रंग द्यायचा. मग स्लाइड जायची फोटोवाल्या भाऊंकडे. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यावर बावीस वर्षं तोच माणूस. आधी खिडकी झाकणार, मग स्लाइडवरची मोकळी काच शोधून ती पांढरीशुभ्र दिसेपर्यंत रंग जुळवणार, मग लाल, निळा, उजेड एकेक करून सरकवणार. कॅमेऱ्यात आपोआप जुळवायचं बटण होतं, पण त्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "मशीनला काय कळतंय पांढरं म्हणजे काय!" स्क्रीनवर झाक पडते म्हणून रंगीत शर्टसुद्धा घालत नसत. वहिनींनी हौसेनं आणलेला निळा शर्ट कपाटातच विरला.

यंदा मात्र ते हात धुऊन माझ्या मागे लागले. "ताई, रंग फिका." दुसऱ्या दिवशी, "ताई, पाणी घालता का हो रंगात?" मी स्लाइड जास्त वेळ बुडवली, नवी बाटली फोडली. तरी तेच! फोटो तपासणारे बाहेरचे डॉक्टर कळवायचे, सगळं लालभडक येतंय, पेशी ओळखू येत नाहीत. यावर भाऊ म्हणायचे, "मुळातच फिका. मी लाल चढवतो म्हणून निदान काही दिसतं तरी." भाऊंच्या शब्दावर विसंबून आमच्या डॉक्टरबाईंनी मला नोटीस दिली. महिन्याभरात सुधारा, नाहीतर दुसरं काम बघा.

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षांपूर्वीची एक स्लाइड कपाटातून काढली. तिचा फोटो भाऊंनीच भिंतीवर लावला होता, "याला म्हणतात रंग!" असं म्हणून. तिची चिठ्ठी बदलली आणि डॉक्टरबाईंना बोलावून, त्यांच्यासमोर भाऊंच्या हातात दिली.

भाऊंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "बघा बाई, नुसती धुऊन काढल्यासारखी!"

"ही तुमच्या भिंतीवरची आहे!" मी ओरडलेच. "काढा आता माझी चूक!"

डॉक्टरबाईंनी वाकून बघितलं. "रंग तर छान आहे," म्हणाल्या.

भाऊ उठून भिंतीवरच्या फोटोजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "हा पण फिका पडलाय, नाही?"

फोटो होता तसाच होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, भाऊंच्या डोळ्यामागची नस सुकत चाललीय, आधी रंगच फिके होतात. गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही किती टिकेल सांगता येत नाही. आता कॅमेरा त्या बटणावर चालतो, दाबते मीच. फोटो चांगले येतात. भाऊंना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलंय. काही तिरक्या लागतात, त्या मी गुपचूप सरळ करते.

"माझ्या जिभेला हाड नाही, भाऊ," मी एकदा म्हटलं.

"अहो, छळ मीच केला तुमचा."

काल त्यांनी माझ्या टेबलावरची एक स्लाइड उचलली, खिडकीपाशी नेली, उजेडात धरली.

"ताई, काय सुरेख लागलाय हो रंग!"

ती मी अजून रंगात बुडवलीच नव्हती.

"हो भाऊ," मी म्हटलं.