रडून राहिलो

निवृत्तीनंतर मी कोचिंगचा अभ्यासक्रम केला. अमरावतीत कोचिंग म्हटलं की लोकांना बारावीचे क्लास आठवतात. शेजाऱ्याने नातवाला गणित शिकवाल का असं विचारलं, तेव्हा मला सांगावं लागलं की या कोचिंगमध्ये काहीच शिकवत नाहीत. समोरच्या नोकरदार माणसाला आपण नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याचं त्यानेच शोधायचं. मग तुम्ही कायले लागता, असं त्याने विचारलं. अभ्यासक्रमात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

सराव फोनवर, व्हिडिओ कॉलने चाले, तिघांच्या गटात. एक कोच, एक अडचण सांगणारा आणि तिसरा निरीक्षक. निरीक्षकाने आपला आवाज बंद ठेवायचा आणि शेवटपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही. प्राध्यापकांच्या बैठकांमध्ये अनेक वर्षं हेच केलेलं असल्याने ती जागा मला आपोआप मिळाली.

आमच्या गटातली कोच पुण्याची होती, एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागात. हुशार, नेमकी, आवाज कायम इस्त्री केलेला. ‘भावना ही माहिती असते’ हे वाक्य ती अशा ठामपणे म्हणे, की भावनेलाही आपण नीट नोंदवले गेल्याचं समाधान वाटावं. अडचण सांगणारा अकोल्याचा, एका डाळमिलचा मॅनेजर. मालकाच्या मुलाने त्याला या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं.

त्या दिवशी त्याने विषय सांगितला: बायांशी बोलायचं कसं. मिलमध्ये डाळीतला खडा रंगावरून ओळखून उडवणारं यंत्र येणार होतं. डाळ निवडणाऱ्या बायांना आता काम नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच सांगायचं होतं. तो पोरगा असताना मिलमध्ये पोती मोजायला लागला, तेव्हा याच बाया त्याला आपल्या डब्यातली भाकर देत. त्यातली एक त्याची सख्खी मावशी. हे सगळं त्याने ट्रकमध्ये माल किती भरला हे सांगावं तशा आवाजात सांगितलं.

कोचने छान विराम घेतला. मग म्हणाली, “हे बोलताना आत काय जाणवतंय, सर?”

“काई नाई मॅडम. मी रडून राहिलो.”

“अच्छा. मग रडून झाल्यावर मोकळं वाटलं का?”

मी खुर्चीत ताठ झालो. कॅमेरे बंद होते, कारण अकोल्याकडचं नेटवर्क चित्र पेलत नव्हतं. तिला दिसत नव्हतं, आणि तिने जे ऐकलं ते पुण्याच्या कानाने ऐकलं होतं: माणूस रडला, ते संपलं, आता तो शांत बसला आहे. आमच्याकडे जेवून राहिलेल्या माणसाचा घास अजून तोंडात असतो.

मग तो म्हणाला, “हो जी.” पाहुण्याला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं.

ती पुढे सरकली. उद्या पहिलं वाक्य कोणतं असेल, असं तिने विचारलं. त्याने मालकाच्या मुलाने दिलेलं वाक्य म्हणून दाखवलं: आपण सर्वजण एका नव्या पर्वात पदार्पण करत आहोत. ‘पदार्पण’वर त्याचा श्वास अडकला. सुंदर, असं ती म्हणाली.

माझं बोट आवाजाच्या बटणावर कधी गेलं, मला कळलं नाही.

“बाई, ते आत्ता रडताहेत.”

मग तिचा आवाज आला, पहिल्यांदाच इस्त्री मोडलेला. “आत्ता? म्हणजे, आत्ता बोलताना?”

“तवापासून,” तो म्हणाला. “अन हे कोन बोलून राहिले?”

निरीक्षक, मी म्हणालो. त्या पदाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

“मले दोन मिनिटं रडू द्या,” तो म्हणाला, “मंग पुसा काय पुसाचं ते.”

आम्ही दोघांनी त्याला रडू दिलं. मोठ्या पुरुषाचं रडणं फोनवर ऐकताना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. शेवटी तिने हळूच विचारलं, उद्या असंच रडू आलं तर?

“तं मावशी म्हनन, काहून रडतं बे.”

तिने विचारलं, मग तुम्ही काय सांगाल? त्याने फोन ठेवला. माझ्या मूल्यमापनात ‘निरीक्षकाने संवादात हस्तक्षेप केला’ असा शेरा आला. तो खराच होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच तिघे. त्याने आपणहून सांगितलं. ते पदार्पणाचं वाक्य त्याने म्हटलंच नाही. मशीन येऊन राहिली, तुमचं काम जाऊन राहिलं, एवढं बोलला अन रडला. बाया ओरडल्या नाहीत. मावशीने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि विचारलं, “एवढा रडून राहिला, तं तूबी आमच्यासंगं काम सोडून राहिला का?”

एवढ्या तयारीत हा प्रश्न आम्हा तिघांपैकी कुणाला सुचला नव्हता.

“मग तुम्ही काय म्हणालात?” कोचने विचारलं.

“नाई म्हनलं. सोडून नाई राहिलो.”

मग ती एकेक शब्द जपून म्हणाली, “सर, आत्ता रडून राहिले का तुम्ही?”

“नाई मॅडम. आता लाज वाटून राहिली.”

तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही बटणाला हात लावला नाही.