बारा जाळी, कागदावर सहा

पिशोरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. त्यावर बारा जाळी चालतात, आणि त्या बारा जणांची मिळून एक मच्छीमार सोसायटी आहे. सांडू तिचा सेक्रेटरी. आठवीपर्यंत शिकलेला तो एकटाच, म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या हाती पेन दिलं गेलं, ते पुन्हा कुणी परत मागितलं नाही. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरात तो जे लिहायचा त्यातलं निम्मं मात्र खोटं असायचं.

यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. मासळी जास्त दिसली की बाहेरच्या ठेकेदाराच्या तोंडाला पाणी सुटतं आणि गावचे भोई काठावर बसून राहतात, हे त्याने शेजारच्या तलावावर पाहिलं होतं. म्हणून दर महिन्याच्या तक्त्यात तो आकडे खाली ओढायचा. सरूबाईचा सगळ्यांत खाली. नवरा वारल्यापासून थर्माकोलच्या तराफ्यावरून एकटी जाळं टाकणारी बाई. तिला दिवसाला दोनच किलो मिळाले म्हटल्यावर कुठला साहेब शंका घेणार? खरं तर सरूबाई या कामात भल्याभल्यांना पाणी पाजायची. स्वतःचा आकडा मात्र सांडू सेक्रेटरीला शोभेल इतका मोठा ठेवायचा. माणूस म्हटल्यावर तेवढा मोह असणारच.

मग सरकारने तलावांचे आराखडे करायला घेतले. मासळी पुढच्या पिढ्यांनाही पुरली पाहिजे, म्हणून कुठल्या तलावावर किती जाळी चालावीत हे आता हिशोबाने ठरणार होतं. मत्स्य विभागाच्या तनुजा मॅडम शहरातून आल्या. मत्स्यबीज किती सोडायचं, पावसाळ्यात बंदी किती दिवस, सगळं त्यांनी नीट समजावलं, आणि सांडू मान डोलावत राहिला. शेवटी त्यांनी यादी वाचली. आजवरच्या नोंदी पाहता तलावात मासळी फार थोडी आहे, तेव्हा परवाने सहाच. ज्यांचं पोट मासळीवर जास्त, म्हणजे नोंदीत ज्यांची मासळी जास्त, त्यांना आधी. पहिलं नाव सांडूचं होतं. सरूबाईचं नव्हतंच. हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती.

सरूबाईने आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी ती सांडूच्या अंगणात येऊन बसली.

"सांडूभाऊ, तुमचा तक्ता मी कधी पाह्यला नाय. माझ्या नावापुढं काय लिव्हत व्हता?"

त्याने सांगितलं. 

"दोन किलोवर मी पोरगी कशी शिकवली आसंल, ह्ये बी लिव्हायचं व्हतं," ती म्हणाली आणि उठून गेली.

सांडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर खोट्या नोंदींचा ठपका त्याच्यावर येणार होता. शिवाय यादी नव्याने होणार, आणि स्वतःचं खरं वजन त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपासून त्याचा खांदा वर होत नव्हता. कित्येक सकाळी तो मूठभर चिलापी मासे घेऊन परतायचा.

तिसऱ्या दिवशी तो मासळीच्या जीपमध्ये बसला. शहरात शहागंजच्या बाजारात पेट्या उतरल्यावर तिथून पायीच कार्यालयात गेला.

"मॅडम, तळ्यात मासळी कमी नाय," तो म्हणाला. "माझं लिव्हणं कमी हाय."

मॅडम चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं. इतकी वर्षं खोटं लिहिलंत, आज खरं बोलताय कशावरून, असं त्यांनी विचारलं.

"माझ्यावर इसवास ठिवू नका. काटा घिऊन या."

त्या काटा घेऊन आल्या. आठवडाभर उजाडताच काठावर उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाची पेटी समोर तोलून घेतली. आराखडा बदलला. तलाव अकरा जाळी पेलेल असं ठरलं. नव्या यादीत सरूबाई तिसरी आली. बारावा, म्हणजे यादीतून कटलेला, सांडू होता.

ठपका आलाच. सोसायटीच्या बैठकीत त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायची गोष्ट निघाली. आता रोजच्या रोज काठावरच वजन लिहायचं होतं. चोरवाटा याच माणसाला माहीत आहेत, तेव्हा लिहायला हाच बरा, असं मॅडम अर्धवट हसत म्हणाल्या. बाकी सगळे सरूबाईकडे पाहू लागले.

"ऱ्हाऊ द्या पेन त्यांच्याकडं," ती म्हणाली. "काट्यापाशी मी हुबी ऱ्हाते."

पहिल्या सकाळी तिच्याच पेटीचं वजन आधी झालं. नऊ किलो. सवयीने सांडूच्या हाताने पाच काढला. सरूबाई काट्यापासून हलली नाही. त्याने पाच खोडून नऊ लिहिले. मग एकेक करत अकरा जणांचं लिहून झालं. वही सोसायटीच्या जुन्या यादीवरून छापलेली, त्यामुळे तिच्यात नावं बाराच होती आणि शेवटची ओळ त्याचीच होती. तिथे त्याने आपल्या सुरेख हाताने शून्य काढलं. सव्वीस वर्षांत स्वतःच्या नावापुढे लिहिलेला तो त्याचा पहिला खरा आकडा होता.