तानाबाईंना शोभेल तो शब्द

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणाला इंग्रजी कागद हवा असला, की पाय आपोआप प्रमोदिनीबाईंच्या दाराकडं वळतात. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शब्द पारखून घ्यायची खोड काही जात नाही.

हुपरीच्या तानाबाई चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडतात. मुलींना हे काम शिकवणाऱ्या केंद्रात शिक्षिकेची जागा निघाली, त्या जागेसाठी इंग्रजी शिफारसपत्र हवं होतं. "झकास लिवा की, बाई! दुसऱ्याच्या हाताखाली जलम गेला. एवढी जागा मिळू दे." बाईंनी बसल्या बैठकीला 'एफिशियंट' लिहून टाकलं. शिफारस करायची तर काम बघून करावी, हे शहाणपण मागाहून सुचलं. मग कागद घेऊन त्यांनी हुपरीची एसटी धरली.

तिथं बघतात तर काय! शेजारणीच्या तीन जोड्या उरकलेल्या, तानाबाई अजून पहिलीवरच. जोडलेलं पैंजण त्या मलमलीच्या तुकड्यावरून ओढत होत्या. एक धागा जरी अडकला, तरी कडी उकलून पुन्हा जोडायची. चौथ्यांदा उकलली तेव्हा बाईंना राहवेना.

"अहो, एवढं कोण बघतंय?"

"तान्ह्या पोरीच्या पायात जायचं हाय, बाई. टोचतंय म्हणून तिला सांगता येतंय व्हय?"

बाईंनी पिशवीतला कागद काढून पुन्हा वाचला. 'एफिशियंट' म्हणजे थोड्या वेळात जास्त काम. ते शेजारणीला शोभलं असतं, इथं ती शुद्ध थाप! 'एफिकेशियस' म्हणजे गुणकारी, तो औषधाला बरा; 'इफेक्चुअल' म्हणजे कायद्यानं लागू, तो कोर्टाच्या कागदाला. राहिला 'इफेक्टिव्ह': वेळ लागो, पण हाती घेतलेलं तडीस नेणारी. हा फरक फळ्यावर लिहून बाईंनी खडूंचे डबे संपवले होते, आणि डोळ्यांनी बघितला तो आज. त्यांनी कागद टराटरा फाडला आणि तिथंच नवा लिहिला. हात सावकाश चालतो, हेही लिहिलं आणि मराठीतून वाचून दाखवलं.

ऐकून तानाबाई पांढऱ्याफटक. "सावकाश लिवलंसा? गेली की जागा!"

"खरं तेच लिहिलंय," बाई म्हणाल्या खऱ्या, पण पुढं आठवडाभर त्यांना घास गोड लागला नाही.

मग फोन आला. "बाई, केंद्रातल्या सायबानं कागद वाचून इचारलं, दिवसात किती जोड? म्या म्हटलं, एक. मग इचारलं, माघारी किती येत्यात? म्या म्हटलं, बत्तीस वर्सांत एक बी न्हाय. सायेब उठून हुभं ऱ्हायलं बघा! सोमवारपास्नं या म्हणालं."