दादाच्या कडक स्प्रिंगा

दादाच्या गाडीच्या स्प्रिंगा मी बदलल्या. त्याला न विचारता.

आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर त्याला ते कळलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझा दादा सरकारी ऑफिसात फायली बघायचा आणि रविवारी रेसर असायचा. ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे कोन मांडलेले, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळाशी शर्यत. बाकीचे लोक छोट्या, चपळ गाड्या आणायचे. हा आमची सोळा वर्षं जुनी एसयूव्ही घेऊन जायचा, जिच्यातून बाबांनी अख्ख्या खानदानाला लग्नांना नेलं होतं.

उंच गाडी. वळणावर अशी झुकायची की बघणारेच ओरडायचे.

मग दादाने माधव नगरच्या रईसभाई मेकॅनिकना धरलं. दोन महिने दोघं गाडीखाली. छोट्या, कडक स्प्रिंगा, कडक शॉक ॲब्सॉर्बर, गाडी दीड इंच खाली. रईसभाई म्हणाले, "भैया, अब ये लेटेगी नहीं. पर कमर का हिसाब आप देख लेना."

आमच्याकडे नवी गाडी आली की आधी चिंतामण गणपतीला नेतात. गाडी तर जुनीच. म्हणून हा चारही स्प्रिंगा पोत्यात घालून घेऊन गेला. पुजारीबुवांनी दोनदा विचारलं, बाकीची गाडी कुठे आहे. तरी कुंकू लावलं, प्रत्येक स्प्रिंगेला एकेक बोट.

पुढच्या इव्हेंटला तो त्याच्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटात, चौथा आला. पाचजण होते. पण आठवडाभर ऑफिसात पेढे वाटत होता.

आई मात्र त्या गाडीत बसायची बंद झाली. जवळच्या टावर चौकापर्यंत जायचं तरी तिला रिक्षा हवी. म्हणायची, याच्या गाडीत बसलं की जेवलेलं सगळं पुन्हा आठवतं.

आम्ही खूप हसायचो.

मग त्याची पाठ दुखायला लागली. आम्हाला वाटलं, गाडीमुळेच. तोही म्हणाला, गाडीमुळेच. चार महिने आम्ही स्प्रिंगांना शिव्या घालत बसलो आणि बाम चोळत बसलो.

कॅन्सर होता. मणक्यापर्यंत पोचलेला.

ट्रीटमेंट इंदूरला. दर दहा दिवसांनी फेरी. टॅक्सी करू म्हटलं तर ऐकायचा नाही. "माझी गाडी आहे ना यार," एवढंच. चालवायचे मी. तो शेजारी, खिडकीवरचा हँडल दोन्ही हातांनी धरून. प्रत्येक खड्ड्याच्या आधी डोळे मिटायचा. मी पंचवीसच्या स्पीडने जायचे, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि तरी खड्डा लागायचाच. हँडल धरलेली त्याची बोटं पांढरी पडायची.

मी म्हटलं, दादा, जुन्या स्प्रिंगा आहेत गच्चीवर. तात्पुरत्या घालू.

"दिवाळीनंतर इव्हेंट आहे," तो म्हणाला. "सेटिंग बिघडेल."

त्याला पायातला मोजा स्वतः घालता येत नव्हता तेव्हा.

शेवटी मला बघवेना. एका दुपारी तो झोपला असताना गाडी रईसभाईंकडे नेली. त्यांनी लगेच जॅक लावला. संध्याकाळपर्यंत जुनं सगळं परत बसवलं आणि कडक स्प्रिंगा त्याच पोत्यात भरून दिल्या.

गाडी दीड इंच वर आली होती. चढताना त्याला कळू नये म्हणून तो ज्यावर पाय ठेवून चढायचा तो लाकडी पाट मी बदलला. थोडा जाड आणला. फार हुशार समजत होते स्वतःला.

दुसऱ्या दिवशी निघालो. कॉलनीबाहेरचा स्पीडब्रेकर आला. त्याने सवयीने हँडल घट्ट धरला, डोळे मिटले.

गाडी पाळण्यासारखी हलली आणि पुढे गेली. काहीच लागलं नाही.

त्याने डोळे उघडले. हळूहळू हँडल सोडला. माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

अर्ध्या वाटेवर सांवेर आलं.

मग म्हणाला, "पाटपण बदललास ना?"

मी मान हलवली.

"कडकवाल्या कुठे ठेवल्यास?"

"जिन्याखाली."

"ग्रीस लावून ठेव. गंज पकडतील नाहीतर."

बस. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

कारण मला कळलं होतं की त्याला काय कळलंय. मी स्प्रिंगा काढल्या म्हणजे मी दिवाळीनंतरचा इव्हेंट काढून टाकला. घरात तो एकटाच त्याची वाट बघत होता, आणि त्या दिवशी ते त्याला समजलं.

एक वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. साधं वाक्य. खोटं का असेना, बोलायला हवं होतं. नाही आलं बाहेर. मी गिअर बदलला.

त्यानंतर तीनच फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा त्याला त्रास झाला नाही. डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं, माझ्या हातात तेवढंच होतं, आणि तेही मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच्या रेसिंगच्या ग्रुपमधल्या एकाने मागे विचारलं, स्प्रिंगा पडून आहेत तर देता का. मला हो म्हणता आलं नाही. नाहीपण म्हणता आलं नाही. मेसेज तसाच पडलाय.

आज सकाळी जिन्याखालून पोतं ओढलं. दर महिन्याला ओढते. कुंकू थोडं थोडं उरलंय अजून. तेवढं सोडून बाकी सगळीकडे ग्रीस लावलं.

गंज नाही पकडला, दादा. एकीलाही नाही.

श्रद्धांजली लिहायला बसले होते. पण त्या दिवशी सांवेरला जे बोलायचं राहिलं तेच लिहिते.

तू बरा झालास की परत बसवू.