मामांची बोटं

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात तळमजल्यावर शरीररचना शिकवतात आणि पहिल्या मजल्यावर शरीरक्रिया. म्हणजे शरीरात काय कुठे असतं ते खाली, आणि ते चालतं कसं ते वर. मध्ये बावीस पायऱ्यांचा एक जिना आहे. मामा एकतीस वर्षं खालीच राहिले. वर त्यांचं काही काम नव्हतं आणि कोणी त्यांना बोलावलंही नाही. अलीकडे त्या जिन्यावरून जाताना मला संताप येतो. बराचसा स्वतःचाच.

मामा आमच्या डिसेक्शन हॉलमधले मदतनीस. मृतदेह आला की तो टिकवायचं काम त्यांचं. मांडीच्या वरच्या बाजूला, जांघेच्या जरा खाली, एक जाड धमनी असते. मामा चाचपून नेमकी तिथेच बोटभर चीर द्यायचे, नळी बसवायचे आणि उंचावर टांगलेल्या टाकीतून फॉर्मॅलिनचं पाणी सोडायचे. "हृदयाची नोकरी आता टाकीकडे," असं म्हणून स्टुलावर बसायचे. चार-पाच तासांत ते पाणी बोटांच्या टोकापर्यंत पोचायचं. मग देह काही महिने हौदात, आणि मग पोलादी टेबलावर, विद्यार्थ्यांसमोर.

मामा शाळा सातवीपर्यंत शिकलेले. पण बगलेतल्या नसांचा गुंता, पोटाच्या पडद्यामागे दडलेलं स्वादुपिंड, कानामागची दोऱ्याएवढी शीर, सगळं ते न बघता बोटांनी शोधायचे. मी नवी नवी शिकवायला लागले तेव्हाची गोष्ट सांगते. चाळीस विद्यार्थी टेबलाभोवती गोळा झालेले आणि मानेतली एक नस मला काही केल्या सापडेना. घाम फुटला होता. मामा बादली सरकवायच्या निमित्ताने जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, रक्तवाहिनीच्या मागे बघा. ती लाजरी आहे." होती तिथेच.

त्या उपकाराची फेड म्हणून म्हणा किंवा मला बोलायची खोडच आहे म्हणून म्हणा, पुढे दर वर्षी पहिल्या दिवशी मी नव्या मुलांना एक वाक्य ऐकवायचे. "पुस्तक घरी विसरलात तरी चालेल. मामांची बोटं हेच इथलं पुस्तक, आणि ती कधी चुकत नाहीत." मुलं हसायची. मामा मान खाली घालून फडकं पिळत राहायचे. जिभेला हाड नसतं म्हणतात ते शरीररचनेच्या दृष्टीनेही खरं आहे. मी हे वाक्य सतरा वर्षं म्हटलं.

मामींना मी ओळखत होते ते अ‍ॅप्रनमुळे. मुलांचे पांढरे अ‍ॅप्रन त्या घरी शिवायच्या आणि फाटले की सांधूनही द्यायच्या. घर महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल आणि खिडकी. त्या खिडकीतून आमच्या रुग्णालयाचं फाटक दिसायचं. मूलबाळ नव्हतं. बाई अंगाने किडकिडीत, पण जीभ सुईसारखी. मामांच्या वासावरून त्यांचं रोजचं भांडण. "अहो, आधी हात धुवा. तीन वेळा. मग चहाला हात लावा." मामांचे हात कितीही धुतले तरी वास जायचा नाही, आणि ते बारा महिने गार असायचे. फॉर्मॅलिनने बोटांची कातडी टणक होऊन चिरली होती.

गल्लीत मामांना 'अर्धे डॉक्टर' म्हणायचे. कोणाचं पोट दुखलं, कोणाची बरगडी ठणकली की माणूस दारात हजर. मामा त्याला टेबलावर झोपवायचे आणि बोट फिरवत सांगायचे, "हे जठर. हे मोठं आतडं असं वर जातं, इथे आडवं होतं, इथून खाली उतरतं. तुझा गॅस या वळणावर अडकलाय." लोकांना नकाशा कळला तरी निम्मं बरं वाटतं. मामी मशीनवरून मान न उचलता म्हणायच्या, "अर्धे कसले? मेलेल्यांचे पूर्ण डॉक्टर आहेत. एवढ्या वर्षांत एकाही पेशंटची तक्रार नाही." गल्ली खदखदून हसायची. मीही एकदा हसले आहे.

एकच गोष्ट मामांना खटकायची. बरगडीखाली उजवीकडे लिव्हर कधी हाताला नीट लागायचं नाही. हॉलमध्ये तर ते लगेच लागायचं, घट्ट, कडा धारदार, लाकडी पाटासारखं. गल्लीतल्या माणसांचं का लागत नाही? त्यांनी आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं: चरबी आड येते. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण ज्याची बोटं कधी चुकत नाहीत, तो कशाला विचारेल?

मामी बारीक व्हायला लागल्या. आधीच काडी, त्यात स्वतःच्याच कपड्यांना आतून टाके घालू लागल्या. जेवण जाईना. उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं. एका दुपारी त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "समोरच आहे दवाखाना. दाखवून येऊ का?"

"थांब, मी बघतो आधी," मामा म्हणाले.

त्यांनी टेबलावरचं कापड बाजूला केलं आणि मामींना झोपवलं. "गार आहेत हो हात!" मामी ओरडल्या. मामांनी बोटं बरगडीखाली दाबली आणि त्यांचा चेहरा खुलला. हे मला मामींनीच नंतर सांगितलं, आणि चेहरा खुलला हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"लागलं! हे बघ, ही कडा. दोन बोटं खाली. लिव्हर आहे ते, अगदी जागच्या जागी."

"पण आधी माझ्या हाताला काही लागायचं नाही तिथे."

"आधी अंगावर मांस होतं. आता वाळलीस म्हणून लागतं. सगळ्यांनाच असतं ते."

"नक्की ना?"

"मॅडम काय सांगतात पोरांना दर वर्षी?"

"बोटं चुकत नाहीत," मामी म्हणाल्या. टेबलावरून उतरल्या आणि राहिलेल्या अ‍ॅप्रनच्या बाह्या जोडायला बसल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका जिवंत माणसाचं लिव्हर मामांच्या हाताला हॉलमधल्यासारखं लागलं होतं आणि ते खूश होते. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे दिवा मी लावलेला होता.

सात महिने गेले. मामी शिवलेले अ‍ॅप्रन द्यायला आल्या होत्या तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने त्यांना उजेडात उभं केलं. ती मुलगी आता वॉर्डात शिकत होती, रोज जिवंत माणसांना हात लावत होती. "मामी, वर बघा. डोळे पिवळे दिसताहेत," म्हणाली, आणि हाताला धरून समोर रुग्णालयात घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत सोनोग्राफी झाली. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि तिथून निघालेलं रक्त जिथे आधी जातं त्या लिव्हरमध्ये तिचं पीक उभं होतं. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आधी आल्या असत्या तर, असं मी सर्जनला विचारलं. तो म्हणाला, कदाचित दोन-तीन वर्षं मिळाली असती, कदाचित नसतीही. डॉक्टरच्या 'कदाचित'चं ओझं घरच्यांनी वाहायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, एक विचारू? जिवंत माणसाचं लिव्हर हाताला कसं लागतं?"

मी काय ते समजले. तरी शिक्षकाच्या सवयीने उत्तर दिलं. "सहसा लागतच नाही, मामा. ते मऊ असतं आणि बरगड्यांच्या आड असतं. माणूस खोल श्वास घेतो तेव्हा छातीखालचा पडदा त्याला खाली ढकलतो, श्वास सोडला की ते परत वर जातं. कधी कडा हलकीशी लागते, तीही मऊच. घट्ट लागलं तर..."

"तर आजारी."

"हो."

"मग आपल्याकडचं?"

"आपल्याकडचं फॉर्मॅलिनने घट्ट होतं. आणि आपल्याकडे येतात त्यातले किती तरी मुळातच लिव्हरचे रोगी असतात."

मामांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही," एवढंच ते म्हणाले. तक्रारीच्या सुरातही नव्हे. मी म्हटलं, "मामा, माझी चूक आहे." ते म्हणाले, "तुम्ही तर कौतुक करत होता." आणि गेले. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मामींना त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मी वॉर्डात होते. धुतलेल्या चादरी घेऊन गेले होते आणि मध्येच निघता येईना. मामा पलंगाशी उभे, दोन्ही हात खिशात.

"त्या दुपारी ते लागायलाच नको होतं," ते म्हणाले. "मी चुकलो. तू दवाखान्यात जाते म्हणत होतीस."

मामी म्हणाल्या, "समोर होता दवाखाना. खिडकीतून रोज दिसायचा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

चार दिवस त्या मामांशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या; तेव्हाच त्या दुपारचं सगळं सांगितलं. मी समजूत घालायला लागले, मामांना पश्चात्ताप होतोय वगैरे, तर म्हणाल्या, "तुम्ही मध्ये पडू नका. माझा राग आहे, मला जरा करू द्या. दिवस कमी आहेत, त्यात रागालाही वेळ लागतो." त्यांचं बरोबर होतं. मामा रोज ड्युटी संपली की येऊन पलंगाजवळच्या स्टुलावर बसायचे. हात खिशातच. पाणी द्यायलासुद्धा ते नर्सला बोलवायचे.

पित्ताची वाट अडली की ते रक्तात उतरतं आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस कातडी ओरबाडून काढतो. औषधं फार उपयोगी पडत नव्हती. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा मामींच्या पोटावर, दंडांवर नखांचे लाल ओरखडे होते. मामा स्टुलावर होते.

"अहो," मामी भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "हात ठेवा इथे."

मामा हलले नाहीत. "नको. माझा हात नको."

"माफबिफ केलेलं नाही मी. खाज सुटलीय. तुमचे हात गार आहेत. ठेवा."

मामांनी खिशातून हात काढले. आधी तीन वेळा धुऊन आले, सवयीने. मग एक हात दंडावर ठेवला आणि दुसरा बरगडीखाली. मामींनी डोळे मिटले. "हां," एवढंच म्हणाल्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि रडले. सांगायला लाज वाटत नाही.

पुढचे अकरा दिवस मामांनी रजा टाकली आणि हात तिथेच ठेवले. गरम झाले की नळाखाली धरायचे आणि परत ठेवायचे. बोलणं फारसं झालं नाही असं नर्स म्हणाली. घरी बाह्या उलट्या लागलेला एक अ‍ॅप्रन राहिलाय, तो कोणाकडून तरी उसवून पुन्हा शिवून घ्या, एवढा एक निरोप मामींनी माझ्याकडे दिला. एका सकाळी त्या गेल्या.

मामा महिन्याने कामावर आले. नवी तुकडी यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं हॉलमध्ये टेबलं पुसत होतो. मी म्हटलं, "मामा, उद्या मुलांना मी आधी वर नेणार आहे. तुम्हीही चला. एकदा बघा तरी वर काय असतं."

"आता कशाला, मॅडम?" ते म्हणाले. फडकं पिळलं, टेबलाच्या कडेवरून फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"तुम्ही सांगितलं होतं ना, श्वास घेतला की ते खाली येतं? खरं आहे. तिने श्वास घेतला की माझ्या हातावर यायचं, सोडला की जायचं. घट्टच होतं, पण यायचं. आणि गरम होतं. मला ठाऊकच नव्हतं ते गरम असतं. अकरा दिवस मी तेवढंच मोजत बसलो. त्या दिवशी सकाळी आलं, गेलं, आणि मग आलंच नाही. मी हात काढला नाही, जरा वाट बघितली. नर्स कोपऱ्यात तिची कामं करत होती. तिला मी हाक मारली."

त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"मग हाताखालचं हळूहळू गार होत गेलं. ते मात्र मला ओळखीचं होतं."